यंदापासून साडी बंद

बुलढाणा
३ ऑक्टोबर २०२५

ती. रुख्मिणीताई,
नमस्कार.

फोन सोडून हिनं पत्र का लिहिलं म्हणून दचकू नका, इकडे सगळे बरे आहेत. तुमचा भाऊ ठणठणीत आहे. रुपालीला सर्दी आहे, पण ती कधी नसते!

कारण असं की यंदा आमच्या घरात दिवाळीचा एक निर्णय झालाय आणि तो मी नात्यातल्या अकरा घरांना स्वतःच्या हातानं लिहून कळवतेय. पहिलं पत्र तुम्हाला. नणंदेचा मान!

निर्णय असा: यंदापासून दिवाळीला देणं-घेणं बंद. साड्या नाहीत, भांडी नाहीत, ड्रायफ्रूटचे डबे नाहीत, पाकिटंही नाहीत. ताई, तुम्हाला खरं वाटणार नाही, गेल्या वर्षी आम्ही दिलेला काचेचा सेट तीन घरं फिरून पाडव्याला परत आमच्याच दारात आला. माझ्या अक्षरातली चिठ्ठी आत तशीच होती! देणाऱ्या बाईंना पत्ताच नाही. मी हसले, पण रात्रभर चुटपुट लागली. हे आपण काय करतोय? कोणालाच नको असलेल्या वस्तू एकमेकांच्या गळ्यात मारतोय. त्यात रुपाली, आठ वर्षांची पोर, मैत्रिणीला किती भेटी आल्या ते मोजून रडली. त्याच दिवशी ठरवलं, बस झालं.

काल दसऱ्याला सगळ्यांना आपट्याची पानं दिली, घेतली, पाया पडलो, हसलो. काय कमी पडलं? काहीच नाही.

रामला विचारलं. मला वाटलं होतं, निदान तुमच्या भाऊबीजेच्या साडीवरून कुरकुर करेल. नाही केली. 'तुला पटेल तसं कर' म्हणाला आणि पेपर उघडून बसला. भाऊबीजेला तो नेहमीसारखा तुमच्याकडे येईल, फक्त रिकाम्या हातानं. तुम्ही ओवाळा, रोडगे आणि वांग्याची भाजी खाऊ घाला. आणि तुम्हीही त्याच्यासोबत कांद्याच्या, मुगाच्या पिशव्या पाठवू नका. माया पिशवीत भरून पाठवावी लागते का?

तुम्ही माझी बाजू घ्याल याची खात्री आहे. भाऊजींना नमस्कार, पुष्पांजलीला अभ्यासाची आठवण.

तुमची
अनुपमा

---

वरवट बकाल
७ ऑक्टोबर

चि. सौ. अनुपमा,
आशीर्वाद.

तुही चिठ्ठी आली. पण माह्या हाती नाही आली, तुह्या भाऊजीच्या हाती आली. पोस्टमननं ओट्यावर देल्ली अन् यायनं तिथंच फोडून मोठ्यानं वाचली. सासूबाई होत्या, माही जाऊ सुवर्णा होती, समोरची दोन माणसं होती. मी आंगणवाडीतून घरी आली तं सारे माह्याकडं पाहून राह्यले. मले वाटलं कोणी मेलं का काय बाप्पा!

काचेच्या सेटाचं वाचून हसू आलं. आमच्या इकडंही तसंच हाये. सुवर्णाच्या माहेरून आलेला पंखा तीन वर्षं झाले, अजून पेटीतच हाये. नुसता पाहुण्यायले दाखवाले काढते. तू म्हणतं ते सारं खरं हाये. पोट्ट्यायले सवयी लागल्या, बाजारवाल्यायची चांदी झाली. तुहा विचार चांगला हाये, मी नाही म्हणत नाही.

पण माय, एक आयक. भांडे बंद कर, डबे बंद कर, पाकिटं बंद कर, पण मले येते ते एक लुगडं नको बंद करू. भारीचं नको. दोनशे रुपयाचं घे, आठवडी बाजारातलं घे, रंग कसाही असो. पण रामच्या हातानं, भाऊबीजेच्या दिवशी, या घरात आलं पाह्यजे. काऊन, म्हणून इचारू नको. इथं लोक पाह्यतात, इतकंच समज.

मले कपड्याची हाव हाये असं नको समजू. आंगणवाडीत मदतनीस हावो मी, दोन सुती लुगड्यात माहं साल निघून जाते.

अन् आता चिठ्ठी धाडशीन तं घरच्या पत्त्यावर नको धाडू. आंगणवाडीच्या पत्त्यावर धाड, पंचफुलाबाईच्या नावानं. ती सेविका हाये, मले आणून देईन, फोडणार नाही. फोनही नको करू. फोन सध्या यायच्याच खिशात राह्यते.

रुपालीले सुंठ-गुळाची गोळी दे.

रुख्मिणी

---

बुलढाणा
१० ऑक्टोबर

ती. ताई,

पत्र वाचलं आणि खरं सांगू, थोडी खट्टू झाले. अकरापैकी सात घरांतून 'छान केलंस' म्हणून उत्तरं आली. एक मामेसासूबाई रुसल्या, त्या रुसणारच होत्या. पण तुम्ही! मला वाटलं होतं तुम्ही पहिल्या असाल.

'लोक पाहतात' म्हणता. ताई, लोक पाहतात म्हणूनच तर हे सगळं चाललंय ना? सुवर्णाचा पंखा पेटीत आहे तो कशामुळे? लोक पाहतात म्हणून. सासरच्या चार बायका तुमची किंमत साडीवरून करणार असतील, तर अशा घरात एकदा तरी साडी न येणंच बरं. चार दिवस बोलतील, पाचव्या दिवशी दुसरा विषय मिळेल. कोणीतरी पहिलं व्हायला हवं. तुम्ही गावात राहून, घर सांभाळून अंगणवाडीची नोकरी धरलीत, तेव्हाही लोक पाहतच होते की!

मी माझ्या वर्गातल्या मुलींनाही सांगितलंय. बावीस मुलींनी घरी भेटी न घेण्याचं ठरवलं. आता मीच नणंदेला गुपचूप साडी पाठवली तर त्यांना कोणत्या तोंडानं शिकवू?

रामला तुमचं पत्र दाखवलं. तो नुसतं म्हणाला, 'ताई समजूतदार आहे, ती काही म्हणणार नाही.' बघा, भावाचा किती विश्वास आहे. तो येईल, पोटभर जेवेल, तुमच्या पाया पडेल. यापेक्षा साडी मोठी आहे का?

रागावू नका. अंगणवाडीच्या पत्त्यावरच पाठवतेय, पण हे एवढं लपवालपवीचं काय ते मला कळलं नाही.

तुमची
अनुपमा

---

वरवट बकाल
१३ ऑक्टोबर

अनुपमा,

समजूतदार! बहीण समजूतदार हाये म्हणते का तो? हाव, हाये मी समजूतदार. म्हणूनच नऊ वर्षं तोंड शिवून बसली. आता तूच उसवाले लावलं तं आयक.

आमचे बाबा गेले तवा डोणगावचं आठ एकर वावर राम अन् माह्या, दोघायच्या नावावर लागलं. तू तवा या घरात नव्हती आली. वर्षश्राद्ध झालं अन् राम मले मेहकरच्या कचेरीत घेऊन गेला. हक्कसोड म्हणतात त्याले. बहिणीनं लिहून द्यायचं का माहा हिस्सा मी राजीखुशीनं भावाले सोडला. फोटो काढला, आंगठे घेतले, सही केली. चार एकर वावर अन् अर्धी विहीर गेली. मी एक रुपया नाही मागतला. गावोगावी बहिणी असंच करतात. वावर घेतलं तं भाऊ तुटते, अन् मले भाऊ पाह्यजे होता.

बाहेर येऊन रसवंतीवर बसलो. रामनं माह्या पायाले हात लावला अन् म्हणला, 'ताई, मी जिता हावो तवर भाऊबीजेचं लुगडं चुकणार नाही.' त्याच्या डोळ्यात पाणी होतं. माह्याही होतं. बस, इतकाच आमचा सौदा.

इकडं तुह्या भाऊजीले समजलं तं कितीक महिने माह्याशी बोलले नाहीत. माणूस वाईट नाही तो. दारू पेत नाही, आंगावर हात नाही टाकत. पण म्हणे, चार एकर फुकट वाटून आली, पुष्पांजलीच्या शिक्षणाचं काय? पह्यली भाऊबीज आली, राम लुगडं घेऊन आला. सासूबाईनं ते ओट्यावरच्या बाजेवर मांडलं, साऱ्या गल्लीनं पाह्यलं. तवा हे म्हणले, 'जाऊ दे, भावानं याद तं ठेवली.' तवापासून दर साली ते लुगडं बाजेवर मांडते अन् दर साली यायचं तोंड एक वर्षासाठी बंद होते. तू ज्याले देणं-घेणं म्हणतं ना, त्याच्यावर माहं घर टिकून हाये.

आता तुही चिठ्ठी यायनं वाचली. 'साड्या नाहीत' हे तीन खेपा वाचलं. दुसऱ्या दिवशी खामगावले गेले, वकील पाहून आले. कागद तयार हाये. त्याच्यात लिहेल हाये का रामनं मले फसवून, दुसरंच काही सांगून सही घेतली. मले म्हणले, 'भाऊबीजेले लुगडं आलं तं कागद फाडतो. नाही आलं तं सही कर. सही नाही करायची तं भावाच्याच घरी जाऊन राह्य, तुह्याच वावराच्या पिकावर तं बांधलं त्यानं घर.'

सांग आता मी काय करू? सही केली तं भाऊ गेला. नाही केली तं घर गेलं. इकडं आड अन् तिकडं विहीर, अन् मधात मी उभी. चार दिवस झाले, भाकर गिळवत नाही. पंचफुलाबाई म्हणते, काऊन वाळून राह्यली? तिले काय सांगू?

मी पाया पडते तुह्या. वयानं मोठी असून पडते. एक लुगडं धाड. तुह्या बावीस पोरीयले सांग का नणंद अडाणी हाये, आयकत नाही. मले काही वाटणार नाही.

अन् कागदाचं, वकिलाचं रामले सांगू नको. तो भित्रा हाये. भ्याला का माणूस काय करीन त्याचा नेम नाही.

रुख्मिणी

---

बुलढाणा
१६ ऑक्टोबर

ताई,

काय लिहू? तीन कागद फाडले. मला यातलं काहीही माहीत नव्हतं, आईशप्पथ. लग्नात सांगितलं होतं, मुलाला आठ एकर आहे. मी कधी विचारलं नाही की बहिणीचं काय झालं. शाळेत मुलींना समान हक्क शिकवते मी! स्वतःच्या घरातला सातबारा एकदा उघडून पाहिला नाही. लाज वाटते हो.

तुम्ही सांगू नका म्हणालात, पण मला राहवलं नाही. काल रामसमोर तुमचं पत्र ठेवलं. तो वाचत गेला आणि त्याचा चेहरा उतरत गेला. 'तेव्हा सगळे तसंच करायचे' एवढंच बोलला. मी खूप भांडले. 'तुला माहीत होतं ती साडी काय आहे, तरी तू पेपर उघडून बसलास?' शेवटी म्हणाला, 'वाटलं, तुझ्या नावावर खपून जाईल. दरवर्षी तिच्या दारात ती साडी घेऊन उभं राहायला मला नको वाटतं.' ताई, मी माझ्या निर्णयाचा केवढा अभिमान मिरवत होते, आणि तो त्याच्यामागे लपला होता.

आज मीच दुकानात गेले. डाळिंबी रंगाची साडी घेतली, हिरव्या काठाची. राम भाऊबीजेला सकाळी सातच्या गाडीनं निघेल, साडी घेऊन. कबूल झालाय. त्यानं रुपालीच्या डोक्यावर हात ठेवून शब्द दिला. वावराचं मी सोडणार नाही, तो 'नंतर बघू' म्हणतो, पण मी मागे लागेन. आधी तुमचं घर वाचू दे.

तुम्ही जेवा. माझ्यावर रागवा, पण जेवा.

अनुपमा

---

बुलढाणा
२४ ऑक्टोबर

ताई,

काल संध्याकाळी राम घरी आला आणि माझ्या जिवात जीव आला! मी दिवसभर देवापुढे बसून होते. पाणी दिलं, मग सांगितलं त्यानं सगळं. तुम्ही रोडगे केले होते म्हणे, वांग्याची भाजी झणझणीत होती. साडी बघून तुमचे डोळे भरले म्हणे. भाऊजींनीही पाठीवर हात ठेवून 'या पाहुणे' म्हटलं. ऐकून मी रडलेच.

मग कागद फाडला ना हो? ते मात्र त्याला विचारवलं नाही म्हणे. तुम्ही लिहा.

तो घरी आल्यापासून जेवलेला नाही. मी म्हटलं, थकला असेल, तिकडे जास्त जेवला असेल. पुढच्या वर्षी आपण वेगळ्या पद्धतीनं भाऊबीज करू, तुम्हाला विचारून. यंदाचं संकट टळलं, ते बरं झालं.

तुमची
अनुपमा

---

वरवट बकाल
२८ ऑक्टोबर

अनुपमा,

राम आला नाही.

रोडगे केले होते, ते खरं हाये. दर साली करते, त्याले माहीत हाये. भाजीही झणझणीत होती. बाकी त्यानं जे सांगतलं, ते त्याच्या मनातलं सांगतलं. तसं झालं असतं तं किती चांगलं झालं असतं.

दहा वाजतापासून मी दारात उभी. रांगोळी टाकली, पाट मांडला. बाराची गाडी गेली, दोनची गेली. पंचफुलाबाईच्या फोनावरून रामले लावला. रिंग जाये, उचले नाही. मंग बंदच येऊ लागला. तुहा नंबर मले पाठ नाही, तो यायच्या फोनात हाये. चार वाजता सुवर्णाचा भाऊ ओवाळून घ्याले आला. त्यानं सांगतलं का रामले शेगावच्या स्टँडवर पाह्यलं, मांडीवर पिशवी धरून बसेल होता. वरवटची गाडी लागली, भरली, सुटली. राम बसूनच होता. यानं हाक मारली तं मान फिरवून घेतली.

दोन घंट्याचा रस्ता आला होता, अर्ध्या घंट्याचा राह्यला होता. तेवढा नाही जमला त्याले. म्या सांगतलं होतं ना तुले, वकिलाचं सांगू नको म्हणून? आता बोलून काय फायदा. तुलेही दोष नाही देत. तू भल्यासाठी केलं, दोन्ही खेपा भल्यासाठीच केलं.

सूर्य बुडाला तवा सासूबाई म्हणल्या, 'ज्या बाईले भाऊ नाही ती चंद्राले ओवाळते. ओवाळ अन् ताट आत घे, किती वेळ गल्लीले तमाशा दाखवतं?' मले भाऊ असून मी आंगणात चंद्राले ओवाळलं, अनुपमा. बिजेचा चंद्र, नखाएवढा, तो तरी किती वेळ राह्यते. सुवर्णाची पोरं हसली. पुष्पांजली आत निघून गेली. ओट्यावरची बाज रिकामीच होती.

तुहे भाऊजी ओरडले नाहीत. ओरडले असते तं मी भांडली असती. त्यायनं कागद आणला, माह्या समोर ठेवला अन् म्हणले, 'आता तरी पाह्य, तू कोणासाठी मरून राह्यली होती ते.' मले उत्तर नाही सुचलं. नऊ वर्षं दर खेपी सुचत होतं.

मी सही केली.

त्या कागदात लिहेल हाये का भावानं फसवलं. खोटं हाये ते. मले सारं समजत होतं, मी हसत देल्लं होतं वावर. पण सही माही हाये, अन् कोर्टात उभं राहून मले आता हेच खोटं बोलावं लागीन, रामच्या समोर, त्याच्या तोंडाकडं पाहून. वावर आलं तरी ते मले काय कामाचं? यायच्या हाती जाईन. रामच्या घरी माह्यासाठी पाट मांडाले कोणी राह्यलं नाही, अन् या घरात मी आता फक्त चार एकराची पावती हावो. रात्री झोप लागत नाही. आंगणवाडीत पोट्ट्यायले खिचडी वाढता वाढता हात थांबून जाते.

तुहा विचार चुकला, असं मी म्हणत नाही. दुकानातलं देणं-घेणं बंद करा, खुशाल करा. फक्त बंद करायच्या आधी इचारत जा माय, का हे लुगडं कायचं हाये.

वावराच्या मागे लागू नको. मले पत्रही नको लिहू काही दिवस, आता आपण कोर्टात समोरासमोर हावो, यायले समजलं तं उलटा अर्थ काढतीन.

एक काम कर. दहा-पंधरा दिवसात तुमच्या घरी नोटीस येईन. पोस्टमन तुह्या हाती देईन तं लगेच रामले दाखवू नको. त्याले लहानपणापासून तसंच हाये, मन बिघडलं का भरल्या ताटावरून उठून जाते. त्याचं जेवण होऊ दे, मंग दे.

रुख्मिणी